अंगणात धायटी

अमरावतीत कठोरा नाक्याच्या पुढे जा की अकोल्यात कौलखेडच्या बाजूला, नव्या लेआउटमधलं घर बहुतेक एकाच साच्यातलं असतं. तीस बाय पन्नासचा प्लॉट, समोर पोर्च, कोपऱ्यात बोअर आणि कंपाउंडच्या भिंतीला लागून राहिलेली तीन-चार फुटांची मातीची पट्टी. त्या पट्टीत काय लावायचं हे घरमालक ठरवत नाही, नर्सरीवाला ठरवतो. मग बोगनवेल येते, डुरांटा येतो, अकॅलिफा येतो, आणि गेल्या काही वर्षांत भिंतीसारखा सरळ वाढणारा हिरवागार कोनोकार्पस. हा शेवटचा पाहुणा आफ्रिका-अमेरिकेच्या किनाऱ्यांकडचा. शेजारच्या गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, आपल्याकडे तो अजून हौसेनं विकत घेतला जातो. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की या सगळ्या मंडळींना पाणी लागतं, आणि नेमकी तेव्हाच बोअरनं मान टाकलेली असते.

उत्तर अमेरिकेत असाच प्रश्न आला तेव्हा तिथल्या लोकांनी सुमाक नावाचं स्वतःच्या रानातलं झुडूप घराभोवती आणलं. खडकाळ उतार, निकस माती, वरून पाणी नाही, अशा जागी ते तग धरतं. पानगळीच्या आधी लाल होतं आणि त्याची आंबट फळं पक्षी खातात. सुमाकाचंच एक भावंड इराण, तुर्कस्तान, लेबनॉनमध्ये मसाल्यासाठी वापरतात. सिसिलीत त्याच्या पानांनी कातडी कमावत असत, कारण पानांत टॅनिन भरपूर, म्हणजे आपण ज्याला तुरटपणा म्हणतो तो.

आता वऱ्हाडात सुमाकाचे सगेसोयरे शोधायला गेलं तर ते आहेत, आणि चांगले जवळचे आहेत. सुमाक आंब्याच्या कुळातलं. त्या कुळातली चारोळी मेळघाटात आहे, मोवई आहे, बिबा आहे. पण हे सगळे वृक्ष, झुडपं नव्हेत. तीन फुटांच्या पट्टीत चारोळी कुठे लावणार? बिब्याचं तर नावच नको. त्याच्या फळाच्या सालीतला काळा चीक अंगाला लागला की फोड येतात. अमेरिकेत पॉयझन आयव्ही नावाची वेल ज्या जातीच्या रसायनानं लोकांची कातडी सोलते, बिब्यातलं रसायन त्याच घराण्यातलं. परटांनी कपड्यांवर खुणा करायला बिबा वापरला, बिब्याच्या बीतली गोडंबी आपण हिवाळ्यात लाडवात घालतो, ते सगळं खरं. तरी जिथे लहान मुलं खेळतात तिथे बिबा लावू नये.

म्हणून कूळ सोडून काम पाहावं. निकस जमिनीवर उभं राहणारं, बिनपाण्यानं उन्हाळा काढणारं, गुरं फारसं तोंड लावत नाहीत असं, आणि वर्षातून एकदा लालभडक होणारं झुडूप वऱ्हाडात कोणतं? उत्तर परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना रस्त्याच्या कडेला उभं असतं. ती धायटी.

फेब्रुवारीत गाविलगडच्या रांगा तपकिरी पडलेल्या असतात. गवत वाळलेलं, सागाची पानं गळायला लागलेली. अशा वेळी दरडीवर, कापलेल्या मुरमाच्या भिंतीवर, जिथे माती म्हणावी अशी मातीच नाही तिथे धायटी फुललेली दिसते. अकोटकडून नरनाळ्याला जाताना, शहानूरच्या बाजूलाही ती आहे. पळसाइतकं तिचं कौतुक झालेलं नाही, कारण ती उंच नाही. पुरुषभर, फार तर दीड पुरुष. बुंध्यापासूनच फांद्या फुटतात, लांब होतात आणि कमानीसारख्या खाली झुकतात. साल पातळ, लालसर तपकिरी, पापुद्रे सुटणारी. पानं समोरासमोर, देठ जवळजवळ नाहीच, भाल्याच्या पात्यासारखी. एखादं पान उलटं करून उन्हात धरा. खालची बाजू पांढुरकी, मऊ लव असलेली, आणि तिच्यावर बारीक काळे ठिपके विखुरलेले दिसतात. या ठिपक्यांवरून धायटी फुलं नसतानाही ओळखता येते.

फूल जवळून पाहिलं की एक गंमत कळते. आपण ज्याला लाल फूल म्हणतो ती पाकळी नसतेच. सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लांबीची, किंचित वाकलेली लाल नळी असते, ती पुष्पकोशाची. खरी पाकळी नळीच्या तोंडाशी दातांच्या मध्ये लपलेली, इतकी बारीक की शोधावी लागते. नळीतून बारा पुंकेसर बाहेर डोकावतात. पाकळ्या गळून जातात, पण नळी गळत नाही. आत फळ धरतं, बोंड पिकतं, तरी ती वाळून त्याच्याभोवती राहते. म्हणूनच धायटीचा लाल रंग चार दिवसांत संपत नाही. बागेच्या दृष्टीनं हा मोठा गुण आहे आणि नर्सरीच्या कॅटलॉगमध्ये तो कुणी लिहीत नाही.

शास्त्रीय नाव वुडफोर्डिया फ्रुटिकोसा. कूळ मेंदीचं. महाराष्ट्राचं राज्यफूल तामण याच कुळातलं, डाळिंबही आता इथेच धरतात, आणि तळ्यातला शिंगाडासुद्धा. म्हणजे अंगणात मेंदी आणि डाळिंब लावणाऱ्या वऱ्हाडी माणसाला धायटी काही परकी नाही, फक्त तिला कुणी घरी बोलावलं नाही.

घरात मात्र ती केव्हाच येऊन गेली आहे, बाटलीतून. आयुर्वेदात तिचं नाव धातकी. दशमूलारिष्ट, द्राक्षासव, कुमारी आसव, असलं काहीही घरात असेल तर बाटलीवरची घटकांची यादी वाचा. धातकीपुष्प सापडेल. आसव-अरिष्ट आंबवावी लागतात. काढ्यात गूळ घातला, भांडं बंद केलं, पण आंबणार कशानं? धायटीच्या वाळलेल्या फुलांबरोबर रानातलं किण्व, म्हणजे यीस्ट, येतं, आणि मधाचे अंशही असतात. फुलं घातली की काढा उकळी आल्यासारखा फसफसायला लागतो. प्रयोगशाळेतलं यीस्ट बाजारात येण्याच्या कितीतरी आधीपासून आपले वैद्य हे विरजण वापरत होते. तिच्या तुरटपणाचा उपयोग रंगाऱ्यांनाही ठाऊक होता. वऱ्हाडात एके काळी आलीची शेती होत असे. आलीच्या मुळांपासून लाल रंग काढत, आणि त्या रंगकामात धायटीची फुलंही पडत. १८६८ मध्ये जर्मनीत अ‍ॅलिझरिन हा कृत्रिम लाल रंग तयार झाला, पुढे तो स्वस्त झाला, आणि आलीची वावरं कापसाखाली गेली. धायटी डोंगरातच होती, ती तिथेच राहिली.

औषधांचा विषय निघाला म्हणून एक सांगून ठेवतो. अंगणात धायटी आहे म्हणून घरी काढे करत बसू नये. मात्रा, अनुपान हे वैद्याचं काम. गरोदर बाईनं तर धायटीच्या वाटेला जाऊ नये.

आता लावण्याकडे येऊ. पहिली अडचण रोपाची. नर्सरीत विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "हे जंगली झाड घरी काहून लावता जी?" नर्सरीवाल्याचा दोष नाही, कुणी मागतच नाही तर तो ठेवील कशाला. मग लोक चिखलदऱ्याहून येताना गाडी थांबवून रोप उपटतात. हे करू नये. मेळघाट हे १९७४ पासून व्याघ्र प्रकल्पाचं क्षेत्र आहे, आणि अभयारण्यातून झाड, फांदी, बी काहीही परवानगीशिवाय आणणं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय दरडीतून उपटलेली धायटी जगतही नाही. तिचं मूळ फटीत खोल गेलेलं असतं आणि हातात येतो फक्त वरचा तुकडा. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. तिथे चौकशी करा, सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत करा, आयुर्वेद महाविद्यालयांच्या बागांत करा. ओळखीच्या कुणाच्या डोंगराकडेच्या वावराच्या धुऱ्यावर धायटी असेल तर सगळ्यात उत्तम. त्याला विचारून बी घ्या.

बोंडं एप्रिल-मेमध्ये पिकतात. नळी तपकिरी झाली, बोटांत चुरली की कुरकुरते, की समजायचं तयार आहे. बोंडं कागदावर घेऊन चोळा. जे निघेल ते बी आहे यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. तंबाखूच्या बीइतकं बारीक, तपकिरी, फुंकर मारली की गेलं. त्याच्या बारीकपणातच सगळी लागवड आहे. इतक्या लहान बीत साठवणीचं अन्न नावालाच असतं. ते मातीखाली गाडलं तर कोंब वर येण्याआधीच संपतो. त्याला उजेडही हवा. म्हणून धायटीचं बी पेरायचं म्हणजे मातीवर शिंपडायचं, वरून माती लोटायची नाही.

उथळ ट्रे किंवा जुनी परात घ्या, तळाला भोकं पाडा. चाळलेली माती, रेती आणि कुजलेलं शेणखत सारख्या भागानं. आधी ट्रे पूर्ण भिजवून घ्या. मग मूठभर कोरड्या रेतीत बी मिसळा आणि ती रेती वरून भुरभुरा, म्हणजे बी एकाच जागी पडत नाही. झारीनं पाणी घालायचं नाही, बी वाहून कोपऱ्यात गोळा होतं. ट्रे पाण्याच्या उथळ घमेल्यात ठेवा, पाणी खालून वर चढू द्या. जागा उजेडाची पण थेट उन्हाची नको, आणि पावसाच्या धारेखाली तर मुळीच नको. पोर्चचा कोपरा चांगला. मृग लागायच्या सुमारास पेरलं तर हवेतला ओलावा उपयोगी पडतो. दोन-तीन आठवड्यांत हिरवी बुरशी आल्यासारखं काहीतरी दिसू लागेल. ती बुरशी नाही, रोपं आहेत. पुसू नका. चार पानांची झाली की काडीच्या टोकानं उचलून पिशवीत एकेक लावायची. पहिल्या वर्षी वाढ अगदीच मंद असते. याच टप्प्यावर बहुतेकांचा धीर सुटतो. पुढच्या पावसाळ्यापर्यंत पिशवीतच राहू द्या.

काडीनंही धायटी लागते, पावसाळ्यात पेन्सिलीच्या जाडीच्या अर्धपक्व फांद्या घेऊन. पण काही काड्या फुटतात, काही नुसत्याच वाळतात. बीची रोपं मुळानं खोल जातात, वऱ्हाडच्या उन्हाळ्यासाठी मला तीच बरी वाटतात.

जमिनीबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण धायटी मरते ती उन्हानं नाही, लाडानं. डोंगरावर तिच्या मुळाशी मुरूम असतो. पाणी पडलं की निघून जातं. आपल्या अंगणात काळी माती, तीही कापसाची. पावसाळ्यात ती फुगते, चिकट होते, पाणी धरून ठेवते. उन्हाळ्यात आक्रसते आणि हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या भेगांत कोवळी मुळं तुटतात. म्हणून काळ्या मातीत दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, निघालेल्या मातीतली अर्धीच परत वापरा आणि उरलेला अर्धा भाग मुरूम घाला. घर बांधताना पायव्यातून निघालेला मुरूम बहुतेकांनी पैसे देऊन बाहेर टाकलेला असतो. तो ठेवला असता तर इथे कामी आला असता. शेणखत दोन घमेली पुरे. रासायनिक खत नको. रोप खड्ड्यात खाली लावण्याऐवजी भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच वरंब्यावर लावा. संत्र्याच्या बागेत पाणी साचलं की झाड डिंक्यानं जातं हे वरुड-मोर्शीच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. धायटीलाही पाण्यात पाय बुडवून उभं राहणं सोसत नाही.

भिंतीपासून चार-पाच फूट लांब लावायला हवी. तिच्या फांद्या कमान करणार आहेत, त्यांना जागा लागते. पट्टी तीन फुटांचीच असेल तर कोपरा पाहा, किंवा गेटबाहेरची मोकळी जागा. दिवसाचं निदान सहा तासांचं ऊन हवं. सावलीत ती जगते, पण फुलत नाही.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी, बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी. त्यानंतर वऱ्हाडातल्या सातशे-आठशे मिलिमीटर पावसावर तिचं तिला भागवू द्या. रोज संध्याकाळी पाइप घेऊन सगळ्या झाडांना सारखं पाणी मारायची सवय असेल तर धायटी त्या पाइपच्या टप्प्याबाहेर लावावी हे उत्तम.

आणि छाटणी. वऱ्हाडातल्या अंगणात बाकी कशाहून जास्त फुलं छाटणीनं जातात, आणि ती होते दिवाळीत. घराला रंग द्यायचा, आवार झाडायचं, आणि त्याच ओघात माळ्याला बोलावून सगळी झुडपं गुडघ्याइतकी कापून घ्यायची. डुरांट्याला त्यानं काही होत नाही. धायटीचं गणित वेगळं आहे. पावसाळ्यात जी लांब फांदी वाढते तिच्यावरच पानांच्या बेचक्यात डिसेंबर-जानेवारीपासून कळ्या धरतात. ऑक्टोबरमध्ये ती फांदी कापली म्हणजे येणारा वसंत कापला. मग लोक म्हणतात, लावली पण फुललीच नाही. धायटीची छाटणी बोंडं पिकून गेल्यावर, मे अखेरीस किंवा मृगाच्या तोंडाशी करायची. चार-पाच वर्षांनी अगदी बुंध्यापासून वीतभर ठेवून कापली तरी पावसात नव्यानं फुटते. पण चौकोनी कुंपण करायचा हट्ट धरू नये. कात्री चालवून तिला खोक्याचा आकार दिला की ती पानंच देते.

तिला पसरू द्यायचं, हे ऐकायला सोपं, आवारात करायला अवघड. फेब्रुवारीत तिची बरीच पानं गळालेली असतील, फांद्या वेड्यावाकड्या दिसतील, वाळलेल्या नळ्या अडकून राहतील, खाली पाचोळा पडेल. शेजारी विचारतील, झाड मेलं का? हिरवंगार, नीटनेटकं, बाराही महिने सारखं, ही आपली बागेची कल्पना मुळात दुसऱ्या हवेतली आहे. वऱ्हाडच्या रानात मार्चला काहीही हिरवंगार नसतं, आणि याच दिवसांत तिथे पळस, पांगारा, काटेसावर, धायटी एकामागून एक पेटतात. पानं टाकून फुलणं ही इथली रीत आहे. जिला ही रीत पाळायची आहे तिच्यावर बारमाही हिरवेपणाची सक्ती केली की पाणीही जातं आणि फुलंही.

फुलं आली की पाहुणे येतात. पहिला जांभळा शिंजीर. नर याच दिवसांत विणीच्या पोशाखात असतो, सावलीत काळा आणि उन्हात निळा-जांभळा. धायटीची नळी आणि त्याची बाकदार चोच यांचं माप जुळतं. फांदीला लटकून एका नळीतून दुसरीत, मध्ये दुसरा नर आला की आरडाओरडा. पाठोपाठ बुलबुल, चष्मेवाला, सातेरी आणि फुलोरी माश्या. शिंजिराची मादी मार्च-एप्रिलमध्ये कोळ्याच्या जाळ्यानं विणलेलं लोंबतं घरटं बांधते, कधी पोर्चमधल्या वायरीलाही. तेव्हा अंगण झाडताना कोपऱ्यातली सगळीच जाळी काढू नका, तिला ती लागतात. मेळघाटातली पोरं धायटीचं फूल तोडून बुडाकडून चोखतात. घरच्या पोरांना एकदा दाखवून द्या, मग त्यांना झाडाची ओळख वेगळी सांगावी लागत नाही. औषध मारलेलं नसावं एवढंच पाहायचं.

एका धायटीशेजारी जागा उरली तर तरवड लावा. सोनपिवळी फुलं, पावसाळ्यापासून पुढे कितीतरी महिने, आणि तिच्या पानांवर पांढरट-पिवळी फुलपाखरं अंडी घालतात. सुमाकाचं कातडी कमावण्याचं काम आपल्या देशात तरवडीच्या सालीनं केलं. घाणेरी मात्र, कितीही रंगीत दिसली तरी, नको. तिनं मेळघाटचं आधीच पुष्कळ नुकसान केलं आहे.

आता ज्यांना हे सगळं वाचून नाही म्हणावं लागेल त्यांच्याविषयी. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, अंजनगाव, अकोटच्या खालचा भाग, मूर्तिजापूर, बाळापूर. इथे बोअरचं पाणी खारं आणि मातीत सोडियम जास्त. सोडियममुळे मातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत, वर पापडी धरते, खाली पाणीच मुरत नाही. ओली असताना चिखल, वाळली की वीट. जिप्सम घातलं तर त्यातला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि जमीन हळूहळू सुधारते, हे कृषी विद्यापीठ शेतकऱ्यांना सांगतच आलं आहे. पण घरच्या धायटीसाठी एवढा खटाटोप मला पटत नाही. ती डोंगरउताराची, निचऱ्याची पोर. खारपाणपट्ट्यातल्या आवारात पिलू लावावा, ज्याच्या काडीनं दात घासतात तो. खारटपणा सोसणं हे त्याचं कामच आहे. सावलीसाठी करंज, कडुनिंब आहेतच. तरीही धायटी हवीच असेल तर मोठ्या सिमेंटच्या टाकीत मुरूम भरून, आणि पाणी छपरावरून साठवलेलं पावसाचंच. बोअरचं पाणी एक उन्हाळा घातलं तरी पानांच्या कडा जळतील.

राहिली रोपांची टंचाई. ती तुमच्या-माझ्याच हातानं सुटेल. या पावसाळ्यात नर्सरीत गेलात की धायटी नावानं मागा, नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी पुन्हा मागा. आणि घरची धायटी फुलली की मे महिन्यात बोंडं कचऱ्यात न टाकता कागदाच्या पुडीत बांधून दोन घरांना द्या. बीचं रोप पहिल्या हिवाळ्यात फुलत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्याची वाट पाहावी लागते, हे देतानाच सांगून ठेवा.